देश हाच अभ्यासविषय

युद्ध चालू असलेल्या देशात लोकांना त्यांचं मत कसं विचारायचं?

इग्नासिओ मार्तीन-बारो हे मानसशास्त्राचे प्राध्यापक १९८६ साली या प्रश्नाला भिडले होते. एल साल्वादोरमध्ये तेव्हा यादवी युद्धाचं सातवं वर्ष चालू होतं. दारावर थाप पडली की घरातली माणसं दचकत. प्रश्नावली घेऊन उभा असलेला तरुण खरंच विद्यार्थी आहे, की लष्कराचा खबऱ्या आहे, की डोंगरातल्या बंडखोरांनी पाठवलेला कुणी, हे दार उघडणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. सरकारने बंडखोरांशी बोलणी करावीत का, एवढा साधा प्रश्न. पण त्याला हो म्हटलं तरी बाजू घेतल्यासारखं, नाही म्हटलं तरी तेच. अशा वेळी माणूस गप्प राहतो, नाही तर समोरच्याला आवडेल ते बोलतो. मार्तीन-बारो यांचं म्हणणं असं, की ही भीतीसुद्धा मोजायची. उत्तर द्यायला लोक घाबरतात, ही अडचण तर आहेच, पण ती देशाबद्दलची एक माहितीही आहे. ती लपवून टक्केवारी छापली तर संशोधन खोटं ठरेल.

त्या वर्षी त्यांनी आपल्या विद्यापीठात लोकमत संस्था सुरू केली. स्पॅनिश आद्याक्षरांवरून तिला युदोप म्हणतात. सरकार सांगत होतं, की जनता आमच्या बाजूने आहे आणि लष्करी विजय हाच मार्ग आहे. बंडखोर सांगत होते, की जनता आमच्या बाजूने आहे आणि उठाव जवळ आला आहे. युदोपचे विद्यार्थी दारोदार फिरून आले, तेव्हा कागदावर तिसरंच काही उमटलं. बहुसंख्य लोकांना कुणाचाच विजय नको होता. बोलणी करा आणि हे थांबवा, असं त्यांचं मत होतं. हे आकडे छापले गेल्यावर दोन्ही बाजूंना ‘जनता आमच्याबरोबर आहे’ हे वाक्य पूर्वीसारखं बिनदिक्कत उच्चारणं अवघड झालं.

हे विद्यापीठ म्हणजे राजधानी सान साल्वादोरच्या नैर्ऋत्य कडेला असलेलं होसे सिमेओन कान्यास मध्य अमेरिकी विद्यापीठ. सगळा देश त्याला ‘उका’ म्हणतो. ते कॅथलिक आहे आणि येशूसंघी धर्मगुरू, म्हणजे आपल्याकडे ज्यांना जेझुइट म्हणतात ते, ते चालवतात. या विद्यापीठातली केंद्रं काय करत होती आणि त्यासाठी त्यांनी काय किंमत मोजली, हे मराठी वाचकापर्यंत पोचायला हवं असं मला फार वाटतं. आपल्याकडेही विद्यापीठांत विस्तारकार्य विभाग असतात, अध्यासनं असतात, संशोधन केंद्रं असतात. त्यांच्याकडून काय मागता येतं, याची कल्पना उकाच्या गोष्टीतून येते.

एल साल्वादोर हा चिमुकला देश आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. जमीन ज्वालामुखीची, सुपीक, आणि त्या उतारांवर कॉफी. कॉफीचे मळे मूठभर घराण्यांच्या हाती. ‘चौदा घराणी’ हा तिथला रूढ शब्दप्रयोग. १९३२ साली शेतमजुरांनी उठाव केला तेव्हा लष्कराने काही आठवड्यांत हजारो माणसं मारली, त्यातली बहुतेक मूळनिवासी. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक लष्करी अधिकारीच राष्ट्राध्यक्ष होत राहिले.

उकाची स्थापना १९६५ची, आणि तिचा हेतू मुळीच क्रांतिकारक नव्हता. सरकारी विद्यापीठ डाव्यांनी भरलंय, तिथं आपली मुलं बिघडतील, अशी सधन कॅथलिक कुटुंबांना धास्ती होती. त्यांना एक सुरक्षित, शिस्तीचं विद्यापीठ हवं होतं. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, व्यवस्थापन शिकवणारं. विद्यापीठाला नाव मात्र दिलं गेलं होसे सिमेओन कान्यास यांचं. हे धर्मगुरू १८२३ सालच्या अखेरीस मध्य अमेरिकेच्या संविधान सभेत गुलामगिरी रद्द करा असा ठराव घेऊन उभे राहिले होते.

मग दहा वर्षांत चित्र पालटलं. १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन शहरात लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले आणि त्यांनी गरिबी हा दैवाचा भाग नसून अन्यायाचा परिणाम आहे अशी भूमिका घेतली. १९७५ साली येशूसंघाच्या जागतिक महासभेने पेद्रो आरुपे यांच्या नेतृत्वाखाली श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठी झटणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत असं ठरवलं. हा निर्णय जगभरच्या येशूसंघींना लागू होता. आपल्याकडे नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात आयुष्य घातलेले स्विस जेझुइट फादर हरमन बाखर याच संघाचे. तिथे प्रश्न पाण्याचा होता, साल्वादोरमध्ये जमिनीचा.

१९७६ साली साल्वादोरच्या लष्करी सरकारने एक मर्यादित जमीन सुधारणा जाहीर केली. उकाने तिला पाठिंबा दिला. जमीनमालकांनी डोळे वटारताच सरकारने काही महिन्यांत माघार घेतली. त्यावर उकाच्या ‘एस्तुदिओस सेंत्रोआमेरिकानोस’ या नियतकालिकात इग्नासिओ एयाकुरिया यांनी संपादकीय लिहिलं, की सरकार भांडवलापुढे सलाम ठोकून उभं राहिलं. सरकारने विद्यापीठाचं अनुदान बंद केलं आणि आवारात बॉम्ब फुटू लागले. पुढच्याच वर्षी, मार्च १९७७ मध्ये, खेड्यातल्या मजुरांमध्ये काम करणारे फादर रुतिलिओ ग्रांदे गोळ्यांना बळी पडले. महिनाभरात देश सोडा नाही तर मरा, अशी धमकी सगळ्याच येशूसंघींना आली. ते गेले नाहीत. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो प्रार्थनाविधी चालू असताना वेदीपाशीच मारले गेले. यादवी पेटली ती त्याच वर्षी. ती बारा वर्षं चालली आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसं मेली. लष्कराला अमेरिकेचा पैसा, शस्त्रं आणि प्रशिक्षण मिळत होतं.

एयाकुरिया हे स्पेनच्या बास्क प्रांतातले. जन्म १९३०चा. तत्त्वज्ञ, सावियेर सुबिरी यांचे विद्यार्थी, आणि १९७९पासून उकाचे कुलगुरू. त्यांच्या डोक्यात विद्यापीठाची एक स्पष्ट कल्पना होती. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी ती मांडली. विद्यापीठाचं काम ज्ञानाचं आहे, पण ते कुणाच्या जगण्यातून प्रश्न उचलतं हे महत्त्वाचं. ज्यांच्यापाशी विद्या नाही त्यांची विद्या त्याने व्हावं, ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी बोलावं. शिकवणं आणि संशोधन या दोन्हींना दिशा देणारं तिसरं काम म्हणजे समाजावर परिणाम घडवणं. विद्यापीठाने राजकीय पक्ष व्हायचं नाही, बंदूक उचलायची नाही आणि धर्मादाय वाटपाचं दुकानही उघडायचं नाही. त्याने विद्यापीठाच्याच हत्यारांनी लढायचं. ती हत्यारं म्हणजे नोंद, मोजणी, विश्लेषण आणि प्रकाशन.

मला या विचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. समाजकार्य म्हणून मुलांना वर्षातून एकदा खेड्यात नेऊन रस्ता झाडायला लावणं आणि त्या खेड्याला पाणी का मिळत नाही याचा पिच्छा पुरवणं, यात फार अंतर आहे. उकाने दुसरा रस्ता धरला.

त्यातून एकेक केंद्र उभं राहिलं. एका माहिती केंद्रात देशातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं विषयवार लावली जात. कुठे किती माणसं मेली, कोणत्या खात्याने काय निवेदन दिलं, ते आधीच्या निवेदनाशी जुळतं का, हे तिथे पाहता येई. ‘प्रोसेसो’ हे साप्ताहिक त्या साठ्यावर निघत असे. विद्यापीठाची प्रकाशनसंस्था होती. १९८५ साली राष्ट्रीय वास्तवाचं व्यासपीठ सुरू झालं. तिथे मंत्री, कामगार नेते, विस्थापित, कुणालाही येऊन सर्वांसमोर बोलता येई आणि श्रोते उलट प्रश्न विचारत. युद्धकाळात अशी खुली जागा देशात दुसरीकडे मिळणं कठीण होतं. रोमेरोंच्या नावाचं धर्मशास्त्र केंद्र होतं. होन सोब्रिनो तिथले प्रमुख विचारवंत, आणि ग्रंथालयाची घडी बसवणारे शांत स्वभावाचे हुआन रामोन मोरेनो.

आणि सेगुंदो मोंतेस. ते समाजशास्त्रज्ञ. १९८५ साली त्यांनी उकाची मानवी हक्क संस्था स्थापन केली. लोक तिला इदुका म्हणतात. मोंतेस यांनी हात घातला तो विस्थापितांच्या प्रश्नाला. पन्नासेक लाखांच्या देशातून लाखो माणसं उठली होती. काही राजधानीच्या कडेला पत्र्याच्या आडोशात, काही होंडुरासच्या छावण्यांत, आणि कितीतरी मेक्सिको ओलांडून कागदपत्रांशिवाय अमेरिकेत. हे लोक नेमके किती, कुठून निघाले, का निघाले, याची धड मोजणी कुणाकडे नव्हती. सरकारच्या लेखी ते बंडखोरांचे पाठीराखे होते, अमेरिकी सरकारच्या लेखी पोटासाठी आलेले घुसखोर.

मोंतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांमधून पाहण्या केल्या, अमेरिकेतल्या साल्वादोरी कुटुंबांपर्यंत पोचले. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, माणसं निघून गेली ती प्रामुख्याने हिंसाचारामुळे. दोन, त्यांनी घरी पाठवलेला पैसा इतका प्रचंड होता, की मोंतेस यांच्या हिशेबाने तो कॉफीच्या निर्यातीपेक्षाही मोठा भरत होता. ज्या गरिबांना देशाने हाकलून दिलं, तेच परदेशात भांडी घासून, बांधकामावर राबून देशाची अर्थव्यवस्था तोलून धरत होते. आज एल साल्वादोरच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा एक-पंचमांशाहून जास्त भाग अशा पाठवणीच्या पैशाचा आहे, आणि त्यावर बोलताना अर्थतज्ज्ञांना मोंतेस यांच्या त्या पाहण्यांकडे जावं लागतं. साल्वादोरी निर्वासितांना अमेरिकेतून हाकलू नये यासाठी तिथल्या संसदेत जो मोडली हे खासदार झटत होते. त्या वादात मोंतेस यांचं संशोधन कामी आलं. १९९० साली तसं तात्पुरतं संरक्षण कायद्याने मिळालं. ते पाहायला मोंतेस नव्हते.

होंडुरासमधल्या कोलोमोंकागुआ छावणीत ते जात असत. मोरासान प्रांताच्या उत्तरेकडून पळालेले आठेक हजार शेतकरी तिथे तारेच्या कुंपणात राहत होते. याच भागात डिसेंबर १९८१ मध्ये लष्कराच्या आतलाकात्ल पलटणीने एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांत हजाराच्या आसपास माणसं मारली होती, बहुसंख्य बायका आणि मुलं. छावणीत मोंतेस यांना वेगळंच दृश्य दिसलं. जेमतेम अक्षरओळख असलेली माणसं एकमेकांना लिहायला शिकवत होती. शिवणकामाचे, चपला-बुटांचे कारखाने त्यांनी चालवले होते, निर्णय सगळे मिळून घेत होते. दयेचा विषय म्हणून पाहायला गेलेल्या अभ्यासकाला तिथे समाजरचनेचा धडा मिळाला, आणि त्यांनी तो तसाच लिहिला. पुढे ही माणसं परतली आणि मोरासानमध्ये त्यांनी नवी वस्ती वसवली. तिचं नाव त्यांनी ठेवलं सेगुंदो मोंतेस.

आठवडाभर वर्गात आणि कचेरीत काम करणारे हे प्राध्यापक रविवारी धर्मगुरू म्हणून वस्त्यांत जात. मार्तीन-बारो हायाके नावाच्या कॉफीच्या मळ्यांतल्या गावी जात. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस तिथे गिटार वाजवून गाणी म्हणे. या जाण्या-येण्यामुळे आकड्यांमागचे चेहरे त्यांना ठाऊक होते. माझ्या मते त्यांच्या संशोधनाची धार तिथून आली.

एयाकुरिया दोन्ही बाजूंशी बोलत. १९८५ साली बंडखोरांनी राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांच्या मुलीला पळवलं, तेव्हा तिची सुटका घडवण्यात आर्चबिशप रिवेरा यांच्याबरोबर तेही होते. वाटाघाटींशिवाय मार्ग नाही हे ते वर्षानुवर्षं लिहीत आणि बोलत राहिले. युद्ध जिंकायचंच अशा निर्धाराने बसलेल्या अधिकाऱ्यांना या विद्यापीठाचा राग होता तो याचसाठी. बंदूक घेतलेल्या माणसाला शत्रू ठरवणं सोपं. सर्वेक्षणाचा तक्ता पुढे करणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

११ नोव्हेंबर १९८९ रोजी बंडखोरांनी राजधानीवरच मोठा हल्ला चढवला. १३ तारखेला एयाकुरिया स्पेनहून परतले. त्याच संध्याकाळी आतलाकात्ल पलटणीच्या सैनिकांनी धर्मगुरूंच्या निवासाची झडती घेतली. काही सापडलं नाही. आता झडती होऊन गेली, म्हणजे इथे धोका नाही, असं आतल्यांना वाटलं. १५ तारखेच्या रात्री लष्करप्रमुख कर्नल रेने एमिलिओ पोन्से यांनी इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर कर्नल बेनाविदेस यांना हुकूम दिला, की एयाकुरियांना मारा आणि साक्षीदार ठेवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली हे नोंदवून ठेवलं आहे.

१६ तारखेच्या पहाटे सैनिकांनी एयाकुरिया, मार्तीन-बारो, मोंतेस, मोरेनो आणि अमान्दो लोपेस यांना मारलं. एकाहत्तर वर्षांचे, कर्करोगाने खंगलेले होआकीन लोपेस इ लोपेस आत होते. गरीब मुलांसाठी शाळांचं जाळं उभारणारे, आणि सहा जणांत एकटेच जन्माने साल्वादोरी. त्यांनाही मारलं. निवासाजवळच्या एका खोलीत एल्बा रामोस ही स्वयंपाकाचं काम करणारी बाई आणि तिची किशोरवयीन मुलगी सेलिना झोपल्या होत्या. त्यांचं घर फाटकाजवळ होतं. तिथे गोळीबार फार होतो, म्हणून आसऱ्याला त्या इथे आल्या होत्या. साक्षीदार ठेवायचे नाहीत हा हुकूम त्यांनाही लागू झाला. एल्बा मुलीला कवटाळलेल्या स्थितीत सापडली. हे बंडखोरांचं कृत्य वाटावं म्हणून सैनिकांनी बंडखोरांकडची एके-४७ वापरली आणि तशी पाटी लिहून ठेवली. रोमेरो केंद्राची कचेरी जाळली.

सोब्रिनो त्या दिवशी थायलंडमध्ये शिकवत होते, म्हणून वाचले. मोरेनो यांचा देह सैनिकांनी ओढत सोब्रिनो यांच्याच खोलीत नेला होता. त्या धक्क्यात कपाटातलं एक पुस्तक खाली रक्तात पडलं. युर्गेन मोल्टमन या जर्मन धर्मशास्त्रज्ञाचं ‘क्रुसावरचा देव’ या अर्थाच्या नावाचं. ते आज उकाच्या स्मृतिदालनात, मारल्या गेलेल्यांच्या कपड्यांशेजारी, काचेआड आहे. ज्या हिरवळीवर देह सापडले तिथे एल्बाचा नवरा ओब्दुलिओ याने गुलाबांची बाग लावली.

या हत्यांनी अमेरिकेत खळबळ उडाली. मोडली यांच्या समितीने केलेल्या चौकशीत लष्कराचा हात उघड झाला आणि अमेरिकी मदतीला कात्री लागली. जानेवारी १९९२ मध्ये मेक्सिकोत शांतता करार झाला. जी तडजोड सुचवली म्हणून ही माणसं मेली, जवळपास तीच अखेर कागदावर आली.

केंद्रं बंद पडली नाहीत, आणि मला याचंच फार अप्रूप आहे. संस्थापक गोळ्या घालून मारल्यावर संस्था संपायला हव्या होत्या. जगभरचे येशूसंघी रिकाम्या झालेल्या जागा भरायला आले. १९९१ साली उकाचं रेडिओ केंद्र सुरू झालं. २००९पासून इदुकाने दरवर्षी वेगवेगळ्या प्रांतांत जनतेचं न्यायासन भरवायला सुरुवात केली. त्याला कायद्याची ताकद नाही. पण ज्यांच्या घरची माणसं युद्धात मारली किंवा गायब केली गेली, अशी खेड्यातली म्हातारी माणसं तिथे उभी राहून साक्ष देतात आणि ती लिहून घेतली जाते. १९९३च्या माफीच्या कायद्याने सगळे खटले गुंडाळले गेले होते, तेव्हा लोकांना आपलं म्हणणं मांडायला हेच ठिकाण होतं.

युदोप आजही दारोदार जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये एल साल्वादोरने बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोक त्याच्या विरोधात आहेत हे युदोपने दाखवलं. मार्च २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी आणीबाणी लावली आणि ती महिन्यामागून महिना वाढत गेली. ऐंशी हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. कित्येकांचा टोळ्यांशी काही संबंध नाही, असं घरचे सांगतात. इदुका अशा तक्रारी नोंदवते, त्यांचे अहवाल काढते. आणि त्याच आवारातली युदोप आपल्या पाहण्यांत दाखवते, की बहुसंख्य लोकांचा या आणीबाणीला पाठिंबा आहे, बुकेले यांना ते भरघोस गुण देतात, रात्री रस्त्यावरून चालता येतं याचा त्यांना आनंद आहे. एक केंद्र ज्या धोरणाविरुद्ध झगडतं त्याची लोकप्रियता दुसरं केंद्र प्रामाणिकपणे छापतं. कुणी कुणाचा आकडा दाबत नाही. मार्तीन-बारो यांनी घालून दिलेली शिस्त इथे टिकलेली दिसते, आणि आत्ताच्या काळात ती पाळणं सोपं नाही. मे २०२५ मध्ये परदेशी देणग्यांवर तीस टक्के कर लावणारा कायदा आला आणि क्रिस्तोसाल ही मोठी मानवी हक्क संघटना जुलैत देश सोडून गेली.

हत्यांचा खटला अजून संपलेला नाही. १९९१ साली बेनाविदेस आणि एक लेफ्टनंट दोषी ठरले, गोळ्या झाडल्याची कबुली दिलेले सैनिक सुटले, आणि माफीच्या कायद्याने ते दोघेही बाहेर आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केल्यावर बेनाविदेस पुन्हा तुरुंगात गेले. तेव्हा उकाने एक अशी गोष्ट केली, जी पचवायला जड आहे: म्हाताऱ्या बेनाविदेस यांची शिक्षा कमी करावी अशी विनंती विद्यापीठानेच केली. आधी सत्य, मग न्याय, मग क्षमा, हा क्रम येशूसंघींनी पहिल्यापासून धरला होता. हुकूम पाळणाऱ्याचा न्याय झाला होता. हुकूम देणारे मोकळे होते, आणि विद्यापीठाला ते हवे होते.

सप्टेंबर २०२० मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने माजी कर्नल इनोसेंते मोंतानो यांना १३३ वर्षांची शिक्षा दिली, पण ती पाच स्पॅनिश धर्मगुरूंच्या हत्येसाठी. अमेरिकेने मोंतानो यांना तेवढ्याच गुन्ह्यांसाठी स्पेनच्या हवाली केलं होतं. लोपेस इ लोपेस, एल्बा आणि सेलिना या तीन साल्वादोरी माणसांच्या खुनासाठी शिक्षा देणं त्या न्यायालयाच्या हाती नव्हतं. त्यांचा निकाल लागायचा तर तो मायदेशीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधीशाने हत्यांच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष आल्फ्रेदो क्रिस्तियानी आणि काही माजी लष्करी अधिकारी यांच्यावर खटला चालवण्याचा आदेश दिला. क्रिस्तियानी यांनी आरोप नाकारले आहेत. सेगुंदो मोंतेस यांनी स्थापन केलेली इदुका या प्रकरणात मारल्या गेलेल्या आठही जणांची बाजू लावून धरते आहे.